असिस्टंट सरांच्या बायकोचं भांडण

हे गेले, ती बातमी मला नवी नव्हती. चार दिवस दवाखान्यात उशाशी बसून होते. शेवटच्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्या काय सांगणार ते मला त्यांच्या आधी कळलं होतं. खरी बातमी मला मिळाली ती सातव्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या मंडपात, दीडदोनशे माणसांदेखत. भंतेजींचं सुत्तपठण झालं आणि लोक श्रद्धांजलीचं बोलू लागले. अशा वेळी माणसं मेलेल्याची उंची दोन इंच वाढवतात, ते मी डोळे मिटून ऐकून घेत होते. मग वसंतराव उठले. वसंतराव म्हणजे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे मुख्य प्रशिक्षक, आमचे शेजारी, आणि ज्यांच्याशी मी सत्तावीस वर्षं एक शब्द बोलले नव्हते ते गृहस्थ. माईक हातात घेऊन म्हणाले, "माझ्या आधी सुखदेव सरांना मुख्य प्रशिक्षक करायचं संस्थेनं तीनदा ठरवलं होतं. तिन्ही वेळा सरांनीच नाही म्हटलं. मी बसलो ती त्यांनी नाकारलेली खुर्ची होती… आज तरी मला हे सांगू द्या." मंडपातल्या सगळ्या बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. नात कानाशी लागली, "आजी, तुले माहीत होतं?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली. समोर फोटोतला माणूस हार घालून माझ्याकडे बघत मिश्कील हसत होता, आणि त्याच्यापुढं बावळट ठरायची माझी तयारी नव्हती.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे नाकाडोंगरीकडचे. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला, त्यामुळं खाणीच्या वसाहतीतल्या लाल मातीच्या मैदानावर ह्यांचे पाय घडले. पुढं तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि संध्याकाळी फुटबॉल टीमचे सहायक प्रशिक्षक. म्हणजे दिवसा असिस्टंट, दिवस कलल्यावरही असिस्टंट. घरी आल्यावर तरी मुख्य व्हावं, तर तिथं मी बसलेली. अख्खं गाव त्यांना 'असिस्टंट सर' म्हणायचं, किराणावाल्यापासून तहसीलदारापर्यंत, आणि हे त्या हाकेला इतक्या आनंदानं वळून बघायचे की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी पवनीकडच्या आसगावची. धानाच्या रोवणीच्या चिखलात वाढलेली, पण डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि त्या दोन अक्षरांचा भलता तोरा मिरवणारी पोरगी. लग्नानंतर पहिल्यांदा मॅच बघायला गेले तेव्हा मोतिया रंगाची नवी साडी नेसून गेले होते, जणू बक्षीस मलाच मिळणार होतं. नवरा कुठं दिसेना. रेषेवर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते ते थोरले सर, तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक. शेवटी नवरा सापडला, कडुलिंबाखाली उकिडवा बसून चाकूनं लिंबं कापताना. मला वाटलं, फसवणूक झाली आपली, सरबतवाल्याशी लग्न लावून दिलं बापानं. घरी येताना विचारलं, "तुमचं काम काय असते तिथं?" म्हणाले, "लिंबू." "अन् बाकीच्या वेळी?" थोडा विचार करून म्हणाले, "पोट्टे." एवढ्यावर त्यांच्या नोकरीचं वर्णन संपलं.

ते 'पोट्टे' म्हणजे काय, हे समजायला मला दोनचार वर्षं लागली. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी सरावाचं शिबिर भरायचं. गावोगावची तीसेक पोरं यायची. हे त्यांना पहाटे आंबागडच्या किल्ल्यावर पळवत न्यायचे, स्वतः मागून शेवटच्या पोराबरोबर चढायचे. पण विद्यापीठाला नावं जायची अठराच. शेवटच्या दिवशी पोरं ग्राउंडवर ओळीत उभी राहायची, मुख्य सर कागद काढून अठरा नावं वाचायचे आणि बाकीची पोरं तशीच उभी राहायची… नाव येईल म्हणून नव्हे, कुठं जायचं ते कळायचं नाही म्हणून. तिथून ह्यांचं काम सुरू व्हायचं. राहिलेल्या बाराजणांना घेऊन हे बसस्टँडवर जायचे, प्रत्येकाला तर्री-पोहे खाऊ घालायचे आणि शेवटच्या पोराची एसटी हलेपर्यंत तिथंच उभे राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "निवडलेल्यायसोबत तर एक दिवस जेवत जा. गुलाल तिकडं आहे." तर म्हणाले, "त्यायले घरी जाऊन सांगा लागते न व, नाव नाही आलं म्हनून. कसं सांगायचं ते ठरवा लागते." मला तेव्हा हे ऐकून फक्त पोह्याच्या प्लेटा आठवल्या. अशी होते मी.

आता मंदाचं सांगायला हवं. मंदा वसंतरावांची बायको. वसंतराव ह्यांच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, कॉलेजात खेळाच्या विभागातच होते. आमची घरं पाठीला पाठ लावून, मधे आवाराची बुटकी भिंत आणि त्या भिंतीत एक दार. त्या दाराला कडी होती, पण ती लावल्याचं मला आठवत नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस माझ्या घरची चूल मंदानं सांभाळली. तिच्या पोरीला बाराखडी मी शिकवली. माझी पोरं तिच्याकडं जेवून यायची आणि मी विचारायची, "काय खाल्लं रे?" तर लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि माझ्या वड्यांपेक्षा चांगले. एवढं सांगून पोरं पळायची. मैत्रीण अशी माणसाला एकदाच मिळते, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला वाटायचं, मैत्रिणी काय, रोवणीच्या बांधावर पन्नास उभ्या असतात.

थोरले सर निवृत्त झाले. जागा रिकामी झाली. अनुभव ह्यांचा, वय ह्यांचं, पोरं ह्यांची. मी तर मनातल्या मनात शिट्टीसाठी नवी दोरीसुद्धा विणून ठेवली होती. संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वसंतले केलं." मी विचारलं, "अन् तुमाले?" भातात वरण कालवत राहिले. मी म्हटलं, "आपल्या मानसाले वर येऊ द्यायचं नाही, म्हनून केलं न त्यायनं?" हे म्हणाले, "असंन."

असंन. म्हणजे असेल. एवढा एकच शब्द. ह्या एका 'असंन'वर मी सत्तावीस वर्षांचं भांडण उभं केलं. आणि हे मुद्दाम सांगते, की मी ते हवेत उभं केलं नव्हतं. आमच्या माणसांना खुर्चीपासून कसं हळूच बाजूला केलं जातं, ते मी माझ्या शाळेत पाहिलं होतं, माझ्या भावाच्या ऑफिसात पाहिलं होतं. पाहिलेलं होतं म्हणून तर विश्वास इतक्या लवकर बसला. ह्यांना ते ठाऊक होतं. आपली बायको हा शब्द कुठं नेऊन ठेवील ते ठाऊक असून त्यांनी तो उच्चारला, वरून मीठ मागितलं आणि जेवण पुरं केलं. एका निर्दोष माणसाच्या डोक्यावर तो आरोप त्यांनी सत्तावीस वर्षं राहू दिला. हे मला सगळ्यांत जास्त लागलं आहे, आणि ते मी गोड करून लिहिणार नाही.

मग मी जे केलं ते आता आठवलं की स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. दुसऱ्याच दिवशी मंदा दारातून आली, हातात वाटी होती. मी म्हटलं, "आमच्या घरी हेडच्या घरचं पचत नाही." ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, पण ह्यांच्याकडं बघितलं आणि परत गेली. मला वाटलं, पाप डोळ्यात दिसलं. आठवडाभरात मी ते दार विटांनी बुजवायला काढलं. गवंडी मिळेना, तर ह्यांनीच गारा कालवला, ह्यांनीच विटा लावल्या, आणि मी कमरेवर हात ठेवून, "डाव्या बाजूनं फट राहून राहिली," असं सांगत उभी. एक शब्द बोलला नाही माणूस. मला वाटलं, अपमानानं मुका झालाय. मी त्या रात्री त्यांना दोन चमचे तूप जास्त वाढलं!

अर्ज तर विचारू नका. दर जूनमध्ये, शाळा सुरू होताना, मी ह्यांच्या नावानं संस्थेच्या सचिवांना एक अर्ज लिहायची. माझं अक्षर जिल्ह्यात नावाजलेलं. 'महोदय, सदर अर्जदारावर झालेल्या घोर अन्यायाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो…' असं सुरू व्हायचं आणि चौथ्या पानावर थांबायचं. हे अर्ज घडी करून खिशात ठेवायचे, संध्याकाळी मी विचारलं की म्हणायचे, "देऊन आलो." उत्तर कधीच आलं नाही, त्यामुळं अन्याय दरवर्षी आणखी घोर होत गेला.

एका वर्षी टीम विद्यापीठाची स्पर्धा जिंकली. भंडाऱ्याच्या मैदानावर बक्षीस समारंभ होता. वसंतरावांच्या गळ्यात हार पडले, फोटो काढायला सगळे उभे राहिले, आणि आमचे असिस्टंट सर चौकटीच्या बाहेर, राखीव बाकावरच्या पोरांचे बूट गोळा करताना. मी प्रेक्षकांतून उठून ओरडले, "ओ फोटोवाले! खरा कोच तिकडं हाय, बुटायपाशी!" सगळं मैदान हसलं. हे गोलच्या जाळीमागं जाऊन लपले, जाळीमागं लपलेला माणूस दिसतो हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. वसंतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. तीसुद्धा मी माझ्या खात्यावर विजय म्हणून घेतली. आणि मंदाच्या पोरीचं लग्न… जिला मी अ-आ-ई शिकवलं होतं, तिची वरात आमच्या दारावरून गेली तेव्हा मी सगळ्या खिडक्या लावून आत बसले. बँड थांबला तेव्हा कोणीतरी दार वाजवलं होतं. मी उघडलं नाही.

मंडपातून लोक गेल्यावर, त्याच संध्याकाळी वसंतराव घरात आले. सत्तावीस वर्षांनी आले आणि दारातच चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा भाऊजी. काहून नाही म्हटलं त्यायनं, तेवढं सांगा." ते म्हणाले, "वहिनी, पहिल्या वेळी मले म्हनाले, यादी तू वाच. माझ्यानं वाचवत नाही. मी राहिलेल्यायपाशी असतो, त्या जागेवर दुसरा कोनी जानार नाही. दुसऱ्या वेळी बी तेच. तिसऱ्या वेळी नुसतेच हसले." मी विचारलं, "अन् माझे अर्ज?" "कोनते अर्ज, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. शिट्ट्या, पंपाची सुई, पायाला बांधायच्या पट्ट्या, आणि खाली एका फायलीत माझे अर्ज. सगळे. एकही दिलेला नव्हता. पण मागची बाजू कोरी नव्हती ठेवलेली. प्रत्येकाच्या पाठीवर त्या त्या वर्षी यादीत न आलेल्या पोरांची नावं होती, ह्यांच्या त्या मुंगीसारख्या अक्षरात, आणि नावापुढं एकेक ओळ. 'डावा पाय चांगला, घाई करते.' 'बूट लहान होतात, सांगत नाही.' 'बाप बोलत नाही याच्यासंगं. एकदा जाऊन येणे.' काही ओळींपुढं बरोबरची खूण होती, म्हणजे जाऊन आले असावेत. 'घोर अन्याय' माझ्या वळणदार अक्षरात पुढून, आणि पाठीमागं ही पोरं. कागद चांगला जाड असायचा माझा, मी मुद्दाम आणवायची. त्यांना तो रफ कामाला बरा पडला असणार.

ती पानं वाचून मला रडू आलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. आलं. पण त्याआधी राग आला, आणि नंतरही रागच उरला. जगाला दाखवता येईल असं कारण होतं त्यांच्याकडं. ते संस्थेला सांगितलं, वसंतरावांना सांगितलं, फक्त घरात नाही सांगितलं. मला विचाराल तर त्या कारणात अर्धा घाबरटपणाही होता. चारचौघांत उभं राहून नावं वाचायची म्हटलं तर ते दुसऱ्याला पुढं करायचे, मी ओळखत होते त्यांना. आता तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का हो आजी? नसतं घेतलं. त्या वेळची मी, शिट्टीची दोरी विणून बसलेली, त्यांना ओढत सचिवांच्या घरी घेऊन गेले असते. त्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. पण पस्तीस वर्षं संसार करून माणूस आपल्याला एवढंच ओळखतो आणि त्यावरून गप्प राहायचं ठरवतो, ह्याचं काय करायचं? माझी लढाई त्यांनी मला एकटीला लढू दिली, कोणाविरुद्ध नसलेली.

मंदाकडं जायला मला आणखी तीन आठवडे लागले. भिंतीतलं दार मीच बुजवलेलं, त्यामुळं गल्लीनं वळसा घालून गेले. दार तिनंच उघडलं. केस पांढरे झालेले, पण बघायची तऱ्हा तीच. म्हणाली, "आली का? ये." जसं काही मी दळण टाकून परत आले होते. स्वयंपाकघरात खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, मी बसायला गेले तर पटकन म्हणाली, "तिथं नको, ते सरची…" आणि थांबली. मी तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाली, "बस व. आता काय लपवायचं हाय."

रोज येत होते. ग्राउंडवरून घरी येताना, गल्लीनं, सत्तावीस वर्षं. अर्धा तास बसायचे, चहा प्यायचे, दोन चमचे साखर घालून! घरी मी ह्यांच्या मधुमेहासाठी बिनसाखरेचा चहा करून स्वतःही तोच पीत होते. तुमच्या मनात आत्ता जे आलं ते माझ्याही मनात येऊन गेलं, म्हातारी झाले म्हणून काय झालं. पण वसंतराव त्याच खोलीत पाटावर बसून दुसऱ्या दिवशीचा सराव ठरवायचे म्हणे. म्हणजे तिघं होते. चौथी भिंतीपलीकडं अर्ज लिहीत होती.

"तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हाव."

"अन् मले काहून नाही सांगतलं? एवढं बोलली मी तुले. तुया पोरीच्या लग्नाले नाही आली."

मंदानं गॅस बारीक केला. "सांगाले आली होती न व, दुसऱ्याच दिवशी, वाटी घेऊन. तू हेडच्या घरचं पचत नाही म्हनली. अन् मांगं सर उभे. त्यायनं असे हात जोडले." तिनं हात जोडून दाखवले, छातीशी, बोटं खाली झुकवून, अगदी ह्यांच्यासारखे. "मंग वरातीच्या दिवशी दार वाजवलं. मीच होती."

चहा उतू जायला आला तशी तिनं तो गाळला. एका कपाला कान नव्हता, तो तिनं आधी माझ्यापुढं सरकवला आणि मग लगबगीनं मागं घेऊन दुसरा दिला. मी म्हटलं, "राहू दे. त्यायचाच दे." हातात घेतला. गरम होता, धरायला काहीच नव्हतं, बोटं भाजली. हे कसे धरत असतील कोण जाणे.

"माझ्याबद्दल काय बोलत होते इथं बसून?" हे विचारायलाच मी आले होते, बाकी सगळं निमित्त.

"तुयाबद्दल?" मंदा म्हणाली. "तुया निरोप आनत होते न."

"माझा? मी कदी दिला निरोप?"

"मले माहीत हाय तू नाही दिला. रोज आल्या आल्या म्हनत, सुमननं विचारलं हाय, मंदाचा गुडघा कसा हाय म्हनून. मी म्हनो, सर, काहून खोटं बोलता? तर म्हनत, आज नाही विचारलं तिनं, विचारन कदी. तवरी मी आनून ठेवतो."

तिचा गुडघा मला ठाऊक होता. गच्चीवरून तिला लंगडताना मी कितीदा पाहिलं होतं, आणि एकदोनदा तर बरं वाटलं होतं, तेही लिहून टाकते. त्यांनी तेवढं ओळखलं नसेल असं नाही. तरी रोज माझ्या नावानं तो एक खोटा निरोप घेऊन ते ह्या खुर्चीवर येऊन बसत होते, आणि मग घरी येऊन मला सांगत होते, ग्राउंडवर उशीर झाला.

मी कान नसलेला कप खाली ठेवला. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि तशी घाईही नाही.

"गुडघा कसा हाय व, मंदा?"

"दुखते," ती म्हणाली, आणि पाट ओढून माझ्यासमोर बसली.